हरपलेलें क्षितिज

वांद्र्याच्या किनाऱ्यावर सायंकाळीं फिरावयास जाणारांस एक अनुभव परिचयाचा असेल. सूर्यास्तानंतर अंधार दाटला, म्हणजे समुद्र कोठें संपतो आणि आकाश कोठें सुरू होतें, हें कळेनासें होतें. पायांखालीं भूमि असणारास त्याची क्षिति वाटत नाहीं. परंतु ता. १ जानेवारी १९७८ च्या रात्रीं हें हरपलेलें क्षितिज २१३ जीवांच्या नाशाचें एक कारण झालें.

एअर इंडियाचें ‘सम्राट अशोक’ हें बोइंग ७४७ जातीचें विमान त्या रात्रीं पावणेनऊच्या सुमारास सांताक्रूझहून दुबईस निघालें. आंत १९० उतारू व २३ कर्मचारी होते. किनारा ओलांडतांना विमान किंचित् उजवीकडे वळलें आणि पुन्हा सरळ झालें. परंतु विमानाचा कल दाखविणारें कॅप्टनसमोरील यंत्र सरळ झालें नाहीं. विमान अद्याप उजवीकडे कललेलें आहे, असेंच तें दाखवीत राहिलें.

दिवस असता, तर खिडकींतून एकदां पाहतांच भ्रम फिटला असता. समोर होता काळा समुद्र आणि काळें आकाश. अशा वेळीं शरीराची जाणीवहि फसवी ठरते. सावकाश होणारा कल कानांतील तोल राखणाऱ्या इंद्रियास ओळखतां येत नाहीं. यंत्रावर विसंबून कॅप्टननें विमान डावीकडे वळविलें. मुळांत सरळ असलेलें तें विमान ९० अंशांच्याहि पुढें कललें आणि उड्डाणापासून अवघ्या १०१ सेकंदांत समुद्रांत कोसळलें. कोणीहि वांचलें नाहीं.

प्रथम घातपाताची शंका आली. पुरावा मात्र मिळाला नाहीं. बिघडलेलें यंत्र आणि त्यावरून झालेला दिशाभ्रम, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. वस्तुतः तशींच आणखी दोन यंत्रें त्याच कक्षांत होतीं. फ्लाइट इंजिनियरनें त्यांपैकीं एकाकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्नहि केला. पण तोंवर वेळ उरला नव्हता.

अनुभवी माणूस चुकला, असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु खरें काय तें सांगणारें साधन त्याच्यापासून हातभर अंतरावर होतें. उणीव होती ती पडताळा पाहण्यास लागणाऱ्या कांहीं क्षणांची. आज वैमानिकांस एका यंत्राचा दुसऱ्याशीं ताळा पाहावयास आणि आपली शंका वरिष्ठापुढें स्पष्ट शब्दांत मांडावयास शिकविलें जातें. या साध्या दिसणाऱ्या नियमांमागें अशा रात्रींचें मोल आहे, हें आपण प्रवाशांनीं विसरूं नये.