टर्मिनलमधील देवनागरी

आज्ञा टंकून संगणक चालवण्याच्या खिडकीत युनिकोड देवनागरी मजकूर नीट उमटण्याचा प्रश्न.

संकेतन. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य विभागाला १२८ स्थाने आहेत. मांडणी ‘इस्की’ या भारतीय मानकावर बेतलेली. यूटीएफ-८ या संकेतनात (१९९२ मध्ये केन टॉम्पसन व रॉब पाइक यांनी रचलेले) यांतल्या प्रत्येक वर्णाला ३ बाइट लागतात आणि पहिला बाइट कायम तोच असतो. म्हणून हा मजकूर चुकून विंडोज-१२५२ या रोमन लिपीच्या संकेतनातला समजून वाचला गेला, की दर तीन चिन्हांतले पहिले चिन्ह माथ्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ दिसते. असा कचरा दिसल्यास फाँट बदलून उपयोग नाही. लोकेल किंवा कोडपेज (कोणते संकेतन वापरायचे ते ठरवणारी सेटिंग) तपासावे. रिकामे चौकोन दिसले, तर मात्र बहुधा फाँटच नसतो.

रकाने. खरी अडचण इथे आहे. टर्मिनलचा पडदा आजही व्हीटी-१०० (१९७८) च्या वळणाचा: ओळीत ठरावीक रकाने, एका रकान्यात एक चिन्ह. चिनी-जपानी अक्षरांना दोन रकाने देण्याची सोय पुढे झाली. जोडाक्षरांचा विचार उशिरा आला. चिन्हाची रुंदी ‘डब्ल्यूसीविड्थ’ हे फंक्शन सांगते. मार्कुस कून यांनी लिहिलेली त्याची आवृत्ती बरीच वापरली गेली. ‘क्षि’ घ्या. क, पाय मोडण्याची खूण, ष आणि ऱ्हस्व वेलांटी मिळून ४ वर्ण, १२ बाइट. वाचणाऱ्याला अक्षर एकच. कून यांच्या हिशेबात खुणेला शून्य आणि बाकीच्यांना एकेक, असे ३ रकाने होतात. जोडाक्षर नीट काढले, तर ते त्याहून कमी जागेत मावते. मग कर्सर भलतीकडे पडतो आणि तक्त्याच्या उभ्या रेघा वाकड्या होतात. युनिकोड १५.१ ने (२०२३) देवनागरी जोडाक्षर हा एकच अक्षरगट मानला. पण टर्मिनल आणि त्यात चालणारा प्रोग्रॅम या दोघांचा हिशेब जुळल्याशिवाय फरक पडत नाही.

मराठी विशेष. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण ‘ग्रेप’ या शोधाच्या आज्ञेने एक शोधल्यास दुसरा सापडत नाही.

प्रणाली. लिनक्सच्या मूळ कन्सोलच्या फाँटात जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात. जोडाक्षरे जुळत नाहीत. एक्सटर्म हे टर्मिनलही ती जुळवत नाही, एमएलटर्म हे टर्मिनल जुळवते. विंडोजच्या जुन्या कन्सोलमध्ये कोडपेज ६५००१ निवडूनही जोडाक्षरे तुटत. नव्या विंडोज टर्मिनलची १.० आवृत्ती २०२० मध्ये आली. पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा ३.६ आवृत्तीपासून विंडोज कन्सोलवर यूटीएफ-८ वापरते.

मॅकओएसच्या टर्मिनलमध्ये मूळ संकेतन यूटीएफ-८ असते.

तक्ता बिनचूक हवा असल्यास मजकूर फाइलमध्ये वळवून ब्राउझरमध्ये पाहावा.