बहुवारंवारता धातुशोधक

बहुवारंवारता धातुशोधक हे एकाच वेळी दोन किंवा अधिक वारंवारतांचे विद्युतचुंबकीय क्षेत्र वापरून जमिनीतील धातू शोधणारे, हातात धरून चालवायचे उपकरण आहे. धातुशोधकास सर्वसाधारणपणे ‘मेटल डिटेक्टर’ असे म्हटले जाते. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या वाळूत एका वारंवारतेवर चालणारी उपकरणे सतत खोटे संकेत देतात. ही अडचण दूर करणारी उपकरणे १९९० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आली. समुद्रकिनारी हरवलेली नाणी, अंगठ्या व दागिने शोधणाऱ्या छंदिष्टांमध्ये त्या काळातील काही उपकरणे आजही वापरात आहेत. महाराष्ट्रात या उपकरणाच्या उपयोगाला कोकणातील काळ्या वाळूची व दख्खनच्या लोहयुक्त जमिनीची नैसर्गिक मर्यादा आहे, तसेच निखात निधी व पुरावशेष यांविषयीच्या कायद्यांचीही मर्यादा आहे.

पार्श्वभूमी

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या शरीरातील बंदुकीची गोळी शोधण्यासाठी विद्युत प्रेरणावर आधारित उपकरण वापरले. तो प्रयत्न अयशस्वी ठरला. १९३० च्या दशकात गेरहार्ड फिशर यांनी अमेरिकेत हातात धरून नेता येणाऱ्या धातुशोधकाचे पेटंट मिळवले. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अभियंता युझेफ कोसात्स्की यांनी तयार केलेला सुरुंगशोधक १९४२ मधील अल अलामीनच्या लढाईत वापरला गेला. युद्धानंतर हे तंत्र नागरी वापरात आले व त्यातून नाणी आणि दागिने शोधण्याचा छंद रुजला.

कार्यपद्धती

धातुशोधकाच्या टोकाला असलेल्या चकतीत तारेची वेटोळी असतात. प्रेषक वेटोळ्यातून वाहणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहामुळे बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. जमिनीतील धातूवर ते पडले की धातूत भोवरा प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचे क्षीण क्षेत्र ग्राहक वेटोळ्यात टिपले जाते. प्रेषित व प्राप्त लहरींतील कलांतरावरून धातूच्या वाहकतेचा अंदाज करता येतो. चांदीच्या जाड नाण्याचा, सोन्याच्या पातळ अंगठीचा आणि लोखंडी खिळ्याचा प्रतिसाद वेगवेगळा असतो तो यामुळेच.

धातूप्रमाणे जमीनही प्रतिसाद देते. मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजे चुंबकीय प्रतिसाद देतात, तर खारे पाणी विद्युतवाहक असल्यामुळे वेगळ्या कलेचा प्रतिसाद देते. हा प्रतिसाद वजा करण्याच्या क्रियेस भू-संतुलन म्हणतात. एका वारंवारतेवर चालणारे उपकरण खनिजासाठी किंवा मिठासाठी संतुलित करता येते. दोन्हींचा परिणाम एकाच वेळी काढून टाकणे त्याला साधत नाही. ओल्या काळ्या वाळूत मात्र दोन्ही एकत्र असतात.

दोन वारंवारता वापरल्यास एकाच ठिकाणाची दोन स्वतंत्र मापने मिळतात. लोहखनिज, मीठ आणि धातू यांचे प्रतिसाद वारंवारतेनुसार वेगवेगळ्या प्रमाणात बदलत असल्याने, या मापनांची वजाबाकी करून पहिल्या दोन घटकांचा प्रभाव बराचसा कमी करता येतो.

स्पंद-प्रेरण प्रकारचे धातुशोधक हा दुसरा पर्याय आहे. त्यावर मीठ व काळी वाळू यांचा परिणाम कमी होतो, परंतु लोखंड आणि मौल्यवान धातू यांतील फरक ते फारसा ओळखू शकत नाहीत. परिणामी गंजलेले खिळे व पत्रे यांसाठीही खणावे लागते.

जुनी उपकरणे

अमेरिकेतील फिशर कंपनीच्या सीझेड मालिकेत ५ व १५ किलोहर्ट्‌झ या दोन वारंवारता वापरल्या गेल्या. याच मालिकेतील सीझेड-२० व सीझेड-२१ ही उपकरणे पाण्याखाली वापरण्यासाठी होती. ऑस्ट्रेलियातील मिनलॅब कंपनीने सॉव्हरिन या उपकरणात १.५ ते २५.५ किलोहर्ट्‌झ या पट्ट्यातील १७ वारंवारतांचे तंत्र आणले. त्याचेच पाण्याखालील रूप एक्सकॅलिबर या नावाने प्रसिद्ध झाले. एक्सकॅलिबर-२ सुमारे ६० मीटर खोलीपर्यंत वापरता येते. पुढे याच कंपनीच्या एक्सप्लोरर मालिकेत १.५ ते १०० किलोहर्ट्‌झ या पट्ट्यातील २८ वारंवारता वापरल्या गेल्या. व्हाइट्स कंपनीचे डीएफएक्स ३ व १५ किलोहर्ट्‌झवर चाले. ही कंपनी २०२० मध्ये बंद झाली.

जाहिरातीत दिलेल्या वारंवारतांच्या संख्येवरून क्षमतेचा थेट अंदाज बांधता येत नाही. आयताकृती लहरीत मूळ वारंवारतेच्या अनेक पटी आपोआप असतात, मात्र उपकरण त्यांतील किती घटकांचे विश्लेषण करते हे वेगळे असते.

२०१८ मध्ये आलेल्या मिनलॅब इक्विनॉक्सपासून हलकी, जलद प्रतिसाद देणारी व जलरोधक उपकरणे तुलनेने कमी किमतीत मिळू लागली. तरीही ओल्या वाळूतील स्थिरतेमुळे जुन्या उपकरणांना मागणी राहिली. त्यांचे दोषही स्पष्ट आहेत. ती जड असतात, प्रतिसाद सावकाश देतात व चकती हळू फिरवावी लागते. वापरलेले उपकरण घेताना बॅटरीसंचाची क्षमता, पाणी रोखणारी रबरी कडी, केबलवरील चिरा आणि श्रवणयंत्राची जोडणी तपासणे आवश्यक असते. उत्पादन थांबलेल्या उपकरणांचे सुटे भाग मिळणे कठीण जाते.

किनाऱ्यावरील वापर

शोधाची योग्य वेळ भरती-ओहोटीवर ठरते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाच्या भरतीनंतर येणाऱ्या ओहोटीत पाणी सर्वाधिक मागे हटते व एरवी बुडालेली वाळू उघडी पडते. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या काळात, हा पट्टा अरुंद असतो. पावसाळ्यात लाटा किनाऱ्यावरील वाळू ओढून नेतात आणि पावसाळ्यानंतर ती पुन्हा साचते. जड वस्तू वाळूतून खाली सरकत टणक थरावर थांबतात, म्हणून वाळूची झीज झालेल्या जागी त्या सापडण्याची शक्यता अधिक असते.

सोन्याची नाजूक साखळी हे या उपकरणांचे दुर्बळ स्थान आहे. तिची प्रत्येक कडी स्वतंत्र छोट्या वस्तूसारखी वागते आणि तिचा क्षीण प्रतिसाद मिठाच्या प्रतिसादाजवळ येतो. मिठाचा प्रभाव वजा करताना असा संकेतही गमावला जातो.

महाराष्ट्रातील भूस्थिती

रत्नागिरी परिसरातील किनाऱ्यांवर इल्मेनाइट व मॅग्नेटाइट ही खनिजे असलेली काळी वाळू आढळते. रत्नागिरी शहराजवळील मांडवीचा किनारा अशा वाळूसाठी ओळखला जातो. मीठ व लोहखनिज एकत्र आल्याने येथे बहुवारंवारता उपकरणांचीही शोधखोली घटते.

राज्याच्या अंतर्भागातील परिस्थिती निराळी आहे. लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुका तेरणा व मांजरा नद्यांच्या खोऱ्यात, दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या प्रदेशात येतो. येथे खाऱ्या वाळूचा प्रश्न नसल्याने बहुवारंवारतेचा मुख्य लाभ उरत नाही. बेसाल्टपासून बनलेल्या जमिनीतील लोहखनिजांमुळे अचूक भू-संतुलन अधिक महत्त्वाचे ठरते. निलंगा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते आणि या राज्यात हाली सिक्का हे स्वतंत्र चलन होते. त्यातील रुपयासारखी चांदीची नाणी उच्च वाहकतेची असल्याने एका कमी वारंवारतेवर चालणाऱ्या साध्या उपकरणालाही चांगला प्रतिसाद देतात.

कायदेशीर स्थिती

वस्तू सापडल्याने तिची मालकी मिळत नाही. नुकत्याच हरवलेल्या दागिन्याचा मालक माहीत असताना किंवा त्याचा शोध घेणे शक्य असताना तो अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१४ खाली गुन्हा ठरू शकतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार भरतीरेषेखालील समुद्रतळ ही राज्य शासनाची मालमत्ता आहे.

जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वास्तूत लपवलेल्या मौल्यवान वस्तूंना भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो. या कायद्यात काही राज्यांनी स्वतंत्र दुरुस्त्या केल्या आहेत. मूळ अधिनियमानुसार १० रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास शोधकाने त्याचे स्वरूप, अंदाजे मूल्य, ठिकाण व तारीख जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावी लागते आणि निधी कोषागारात जमा करावा लागतो किंवा तो हजर करण्याबद्दल तारण द्यावे लागते. चौकशीत निधी बेवारस ठरल्यास, आणि शोधक व जागामालक यांच्यात वेगळा करार नसल्यास, तीन चतुर्थांश वाटा शोधकास व उरलेला जागामालकास मिळतो. शासनास निधी संपादन करावयाचा असल्यास धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक रक्कम द्यावी लागते. माहिती दडवल्यास शोधकाचा वाटा शासनजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

संरक्षित स्मारकांच्या क्षेत्रात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. यासाठी केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा प्राचीन स्मारकविषयक अधिनियम आहे. किमान १०० वर्षे जुनी नाणी, मूर्ती इत्यादी वस्तू पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ खाली पुरावशेष ठरतात व खाजगी व्यक्तीस त्या निर्यात करता येत नाहीत. गुप्तधन शोधण्याच्या नावाखाली अमानुष व अघोरी कृत्ये करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने दंडनीय आहे.

पुरातत्त्वीय महत्त्व

पुरातत्त्वशास्त्रात वस्तूइतकेच ती सापडलेल्या जागेला, थराला व सोबतच्या अवशेषांना महत्त्व असते. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. क्षहरात क्षत्रप नहपानाच्या या नाण्यांपैकी अनेक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने पुन्हा आपले ठसे उमटवले होते. साठा एकत्रितपणे अभ्यासता आल्यामुळे सातकर्णीच्या विजयाचा ठोस पुरावा मिळाला. तीच नाणी सुटी विकली गेली असती, तर त्यांचे परस्परसंबंध व प्रमाण कळले नसते.

मराठवाड्यात तेरणाकाठचे तेर हे प्राचीन तगर म्हणून ओळखले जाते. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक प्रवासवर्णनात या बाजारपेठेचा उल्लेख आहे. अशा प्रदेशात शेतात किंवा पडक्या वाड्यात जुनी वस्तू आढळल्यास ती जागेवरून न हलवता, न घासता-धुता महसूल अधिकाऱ्यांना कळवणे उचित ठरते. धातुशोधक धातूची वाहकता सांगतो. वस्तूचे वय, तिचा थर व तिचा मालक या गोष्टी त्याला कळत नाहीत आणि खणून काढल्यानंतर त्यांतील थराची माहिती पुन्हा मिळवता येत नाही.