ऑफ-रोडसाठी टायर डिफ्लेटर आणि एअर कॉम्प्रेसर कसा निवडायचा? कमी बजेटमध्ये संपूर्ण माहिती

थार, जिम्नी किंवा जुनी बोलेरो घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या आसपास कच्च्या वाटेवर फिरणारी बरीच मंडळी आहेत. खुलताबाद-म्हैसमाळचा डोंगराळ भाग, कन्नड-सोयगावकडची अजिंठ्याची रांग, पैठण-गंगापूरकडची काळी माती. एका दिवसाच्या फेरीत तीन प्रकारची जमीन भेटते. अशा वेळी टायरची हवा कमी-जास्त करायला दोन वस्तू लागतात: डिफ्लेटर आणि कॉम्प्रेसर. ऑनलाइन बघायला गेलं की शेकडो पर्याय दिसतात आणि डोकं गरगरतं. म्हणून आज मी यातलं नेमकं काय बघायचं ते सांगतो.

हवा कमी का करायची?

हवा कमी केली की टायर जमिनीवर थोडा पसरतो आणि त्याचा टेकणारा भाग लांब होतो. गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं, त्यामुळे वाळूत चाक कमी रुततं आणि खडीवर दणके कमी बसतात.

किती कमी करायची, याचा साधा अंदाज असा:

- डांबरी रस्ता: ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचं स्टिकर असतं, त्यावर लिहिली आहे तेवढीच.
- कच्चा, खडीचा रस्ता: स्टिकरपेक्षा २० ते २५ टक्के कमी. म्हणजे ३२ पीएसआय असेल तर साधारण २५.
- मऊ वाळू: १५ ते १८ पीएसआय. वेग अगदी कमी आणि झटक्यात वळणं नाहीत. याहून खाली गेलात तर टायर रिमवरून निसटू शकतो.
- आपल्याकडचे बेसाल्टचे धारदार दगड: फार कमी करू नका. टायरची बाजू फुगून बाहेर येते आणि तिथेच चीर जाते.
- ओली काळी माती: इथे हवा कमी करून फारसं काही हाती लागत नाही. माती नक्षीत गच्च भरते आणि टायर गुळगुळीत होतो. परत फिरणं उत्तम.

डिफ्लेटरचे तीन प्रकार

१. व्हॉल्व्हची पिन काढायची चावी: शंभर रुपयांच्या आत मिळते. पिन काढली की हवा झपाट्याने जाते, पण पिन मातीत पडली तर शोधत बसा. सोबत दोन-चार जादा पिना ठेवा.

२. आपोआप बंद होणारे: आधी दाब ठरवून ठेवायचा आणि व्हॉल्व्हवर फिरवून बसवायचे. ठरलेल्या दाबाला हवा थांबते. चारही चाकांना एकदम लावता येतात. मात्र स्वस्त सेटमध्ये चौघांचा दाब सारखा येतोच असं नाही, म्हणून गेजने तपासायलाच हवं.

३. गेज असलेला रॅपिड डिफ्लेटर: साधारण हजार-दीड हजारात मिळतो. पिन यंत्राच्या आतच अडकून राहते, हरवत नाही आणि दाब समोर दिसतो.

वर्षातून दोन-तीनदाच जाणार असाल तर चावी आणि एक चांगला गेज पुरे. नेहमी जात असाल तर तिसरा प्रकार घ्या. डिफ्लेटरवर वाचलेले पैसे कॉम्प्रेसरवर घाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉम्प्रेसर घेताना '१५० पीएसआय' विसरा

बॉक्सवर सगळ्यात मोठा आकडा हाच असतो. पण तुमच्या टायरला ३०-३५ पीएसआयच लागतात! खरं बघायचं ते पुढच्या चार गोष्टी:

१. हवेचा प्रवाह. म्हणजे मिनिटाला किती लिटर हवा. हिशोब सोपा आहे. जिम्नीच्या १९५/८० आर१५ टायरमध्ये अंदाजे ४० लिटर जागा असते. १८ वरून २८ पीएसआय करायला त्याला साधारण २७ लिटर हवा लागते, म्हणजे चार टायरना ११० लिटरच्या आसपास. थारच्या २५५/६५ आर१८ टायरला हेच दीडपटीहून थोडं जास्त. बॉक्सवर ३५ लिटर लिहिलं असेल तर प्रत्यक्षात दाबाविरुद्ध त्याच्या निम्मंच धरा. म्हणजे जिम्नीला ६-७ मिनिटं, थारला १० च्या आसपास.

२. सलग किती वेळ चालतो. स्वस्त पंप दहा-पंधरा मिनिटांनी थंड करावा लागतो. ही माहिती बॉक्सवर नसेल तर तो घेऊ नका. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पंप आणखी लवकर तापतो.

३. वीज कुठून घेतो. गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो, म्हणजे जास्तीत जास्त १२० ते १८० वॅट. यापेक्षा जास्त खाणारा पंप चिमटे लावून थेट बॅटरीवरच चालवा. पंप चालू असताना इंजिन सुरू ठेवा.

४. पाईप आणि वायरची लांबी. मागच्या चाकापर्यंत पोचली पाहिजे.

मोबाईलसारखा चार्जिंगचा पंप चालेल का?

बरेच जण हा प्रश्न विचारतात. अशा लहान पंपात ७.४ व्होल्टची २,००० एमएएच बॅटरी असेल तर ती १४.८ वॅट-तासांची झाली. तुमच्या ५,००० एमएएचच्या फोनमध्येच सुमारे १९ वॅट-तास असतात! बाईकला किंवा एका टायरला थोडी हवा भरायला हा पंप छान आहे. पण चार मोठे टायर परत भरायचे असतील तर त्याच्या भरवशावर जाऊ नका.

बजेट किती ठेवायचं?

१२ व्होल्टचे सिंगल-सिलिंडर पंप साधारण १,५०० ते ३,००० रुपयांत येतात. लहान एसयूव्हीला तेवढे पुरतात. थारसारखे मोठे टायर असतील तर डबल-सिलिंडर बघा. पंपावरच्या मीटरवर विसंबू नका, वेगळा गेज घ्याच. घेतल्यावर घरीच एक टायर १० पीएसआयने उतरवून परत भरा आणि फोनमध्ये स्टॉपवॉच लावा. वेळ फारच जास्त लागला तर परत करायची मुदत असतानाच कळेल.

सगळ्यात महत्त्वाचं

कॉम्प्रेसर सोबत नसेल तर हवा कमी करूच नका. कमी हवेचा टायर वेगात सतत दुमडतो, तापतो आणि फुटतो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून समृद्धी महामार्ग आपल्या शहराजवळून जातो आणि तिथे कारची वेगमर्यादा ताशी १२० किमी आहे. १८ पीएसआयवर त्या रस्त्याला लागणं म्हणजे जिवाशी खेळ. डांबर लागलं की आधी थांबा, हवा भरा, मग निघा. तापलेला टायर ३-४ पीएसआय जास्त दाखवतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना पुन्हा तपासा.

आणखी एक. गौताळा आणि जायकवाडी ही अभयारण्यं आहेत. तिथे वाट सोडून गाडी घालू नका. जायकवाडीच्या काठी पाणी ओसरलेली जमीन वरून कोरडी दिसते, पण खाली चिखल असतो.

तुमची गाडी कोणती आणि टायरचा साईज काय, ते कमेंटमध्ये सांगा. वर दिलेल्या पद्धतीने किती लिटर हवा लागेल, ते मी काढून देईन.