आकडा आधी कोणी सांगायचा?

गेल्या भाद्रपदात दशलक्षण पर्वासाठी आमच्या जाऊबाई त्यांच्या मुलीला घेऊन उज्जैनला आल्या होत्या. मुलीने बाळासाठी दोन वर्षं नोकरी सोडली होती, आता पुन्हा शोधत होती. मध्येच एका कन्सल्टंटचा फोन यायचा. त्याचे प्रश्न दोनच. आधी किती मिळत होतं, आणि आता किती अपेक्षा आहे?

"सांगून टाक की," जाऊबाई म्हणाल्या. "पर्वाचे दिवस. लपवाछपवी कशाला?"

"आई, जुना पगार सांगितला तर त्यावर दहा टक्के चढवतील आणि मोकळे होतील. तो मुळातच कमी होता."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी उभ्या आयुष्यात पगार घेतलेला नाही; पण इतिहास घेऊन बी.ए. केलंय आणि राहते शिंद्यांच्या जुन्या राजधानीत. १८१० मध्ये दौलतरावांनी बस्तान ग्वाल्हेरला हलवलं, तोवर राजधानी हीच. तेव्हा मला जे आठवलं ते महादजी शिंद्यांच्या पदरच्या एका नोकरदाराचं.

बेन्वा डी बॉयन. जन्म १७५१ चा, फ्रान्सजवळच्या सव्हॉय प्रांतातला. फ्रेंचांकडे, मग रशियाकडे नोकरी करून तो हिंदुस्थानात आला. १७८३ च्या सुमाराला महादजींच्या छावणीत इंग्रज वकील अँडरसनचा पाहुणा होता. तिथे त्याच्या सामानाची चोरी झाली. सामान परत मिळालं, पण शिफारसपत्रं आणि कागद काही मिळाले नाहीत. हा माणूस कोण, कोणाचा, कशासाठी आलाय हे पाटीलबाबांना कळून घ्यायचं होतं, म्हणून त्यांनीच हे करवलं, असं त्याचे चरित्रकार सांगतात. (आजकाल जुनी सॅलरी स्लिप मागतात. चोरी करावी लागत नाही, आपणच पाठवतो.)

डी बॉयन चिडला. महादजींचा तेव्हा गोहदच्या राण्याशी झगडा चालू होता. याने राण्याला गुपचूप निरोप धाडला: मी फौज उभी करून तुमची सुटका करतो, एक लाख रुपये आगाऊ द्या. राण्याने पैसे तर दिले नाहीतच, उलट त्या निरोपाचा गवगवा केला. महादजींनी घाबरावं म्हणून! म्हणजे याचा बेत फुटला, आकडा फुटला, हाती दमडी नाही आणि महादजींचा राग वर.

तोच माणूस वर्षभरात महादजींच्याच नोकरीत आला. पाटीलबाबा रागापेक्षा उपयोग बघणारे. ठरलं असं: प्रत्येकी ८५० शिपायांच्या दोन पलटणी, दर शिपायामागे महिना ८ रुपये, आणि डी बॉयनला स्वतःला महिना १००० रुपये. त्या आठांतले साडेपाच रुपये तो साध्या शिपायाला देई आणि उरलेल्यातून वरच्या हुद्देदारांचे पगार भागवी. मी हे सांगितलं तेव्हा मुलगी हसायलाच लागली. "काकू, ही तर सीटीसी झाली! कागदावर आठ आणि हातात साडेपाच."

पण मला त्याची तिसरी वेळ सगळ्यात महत्त्वाची वाटते. १७८८ पर्यंत त्याच्या पलटणींनी लढून नाव कमावलं होतं. त्याने दहा हजारांची फौज मागितली. महादजींना ते भारी वाटलं. डी बॉयनने भांडण न करता नोकरी सोडली, लखनौला गेला आणि क्लॉड मार्टिन या मित्राच्या साथीने निळीच्या न् कापडाच्या व्यापाराला लागला. १७९० मध्ये महादजींनी स्वतः त्याला परत बोलावलं. फौज मिळाली, ती वेळेवर पोसायला दोआबातला मुलूख लावून दिला, त्याचा स्वतःचा पगार तर पुढे महिना दहा हजारांपर्यंत गेला. इंग्रजांशी लढणार नाही ही अटसुद्धा त्याची चालली. गोहदला त्याने आकडा सांगितला तेव्हा त्याच्यापाशी कागदसुद्धा नव्हते. लखनौला त्याच्यापाशी निळीचं दुकान होतं.

आता हे सांगणं सोपं आहे. आपल्या पोरींकडे कुठलं निळीचं दुकान? दोन वर्षं घरी बसलेली मुलगी "नको तर नको" म्हणून उठू शकत नाही, हे समोरच्याला पक्कं माहीत असतं. आणि जुना पगार विचारला की जुना अन्याय नव्या घरी आपोआप पोचतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ मध्ये कायदा करून नोकरी देण्याआधी जुना पगार विचारायलाच बंदी घातली, ती बायकांना समान पगार मिळावा म्हणूनच. आपल्याकडे समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये झाला, पण हा प्रश्न विचारू नका असं तो म्हणत नव्हता.

माझ्या माहेरी आडत होती. वडील हत्त्याच्या गोष्टी सांगायचे. दलाल आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायचे आणि भाव ठरायचा. शेतकरी शेजारीच बसलेला. माल त्याचा, पण रुमालाखाली काय चाललंय ते त्यालाच ठाऊक नाही. पुढे बाजार समित्या आल्या, उघडा लिलाव आला, हत्त्याला बंदी झाली. नोकरीच्या बाजारात रुमाल अजून आहे. तो कन्सल्टंट गोड बोलतो खरा, पण त्याची दलाली कंपनी देते.

जाऊबाईंचं समाधान झालं नव्हतं. न सांगणं म्हणजे खोटंच ना? योगायोग असा की पर्वाचा सातवा दिवस होता आणि मंदिरात तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय, व्रतांचा. पंडितजींनी सत्याणुव्रताचे अतिचार समजावले. त्यांत एक साकारमंत्रभेद आहे: दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून, हावभावावरून त्याच्या मनातलं ओळखायचं आणि ते फोडायचं. म्हणजे गोहदच्या राण्याकडे बोट दाखवायला जागा आहे. खोटा आकडा सांगणं तर दोषच, त्यात वाद नाही. पण आपल्या मनातलं आपल्यापाशी ठेवणं हा दोष मला त्या यादीत दिसला नाही. मी जाऊबाईंना हे पायऱ्या उतरतानाच सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत.

दुपारी फोन आला तेव्हा मुलगी म्हणाली, "जुना पगार दोन वर्षांपूर्वीचा आहे, कामही वेगळं होतं. या जागेसाठी कंपनीने किती ठेवलेत ते सांगा, मग मी सांगते." पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग "विचारून कळवतो," आणि फोन बंद. जाऊबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून स्वयंपाकघरात गेले. नंतरचे दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशीही फोन नाही. रात्री मलाही झोप लागेना. दुसऱ्याच्या मुलीला डी बॉयनच्या गोष्टी सांगायला माझं काय जात होतं?

क्षमावाणीच्या सकाळी फोन आला. त्याने खालचा आकडा सांगितला, वरचा सांगितला. मुलीने ते पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून घेतले आणि त्यांच्याखाली तिचा, मनात धरलेला. तो त्यांच्या खालच्या आकड्याच्याही खाली होता.

जाऊबाईंनी चष्मा लावून तिन्ही आकडे वाचले. मग माझ्यापुढे हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणाल्या आणि लेकीला विचारलं, "मधला सांगायचा का गं, की वरचा?"