कॉफी कुणाची?

चारठाणा हे चहाचे गाव. हॉटेलात कॉफी मागितली तर पोऱ्या आधी मालकाच्या तोंडाकडे बघतो, मग पुडी फोडून दुधात टाकतो. घरी कॉफी होते ती मोठा पाहुणा आला तर, तीही जायफळ घालून. परवा नववीच्या वर्गात मी सहज विचारले, कॉफी कुणाची? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "इंग्रजांची, सर!"

हे उत्तर मला बोचले.

इंग्रजांचा 'कॉफी' हा शब्दच मुळात अरबी 'कहवा'. तो तुर्की 'कहवे' होऊन युरोपात गेला. झाड मूळचे इथिओपियाचे, म्हणजे आपल्या जुन्या बोलीतल्या हबशाचे. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रला डोळा लागू नये म्हणून कहवा पीत. आज ज्याला चैन म्हणतात, ते तेव्हा फकिरांचे जागरणाचे पेय होते.

आपल्याकडे नवी वस्तू आली की पहिला प्रश्न येतो, जायज की नाजायज? कहव्यावरही हीच वेळ आली. १५११ मध्ये मक्केतला अधिकारी खैर बेग याने उलेमा आणि हकीम जमवून कहव्यावर बंदी घातली. पण कैरोहून सुलतानाचा हुकूम आला, त्यात त्या पेयाला मनाई नव्हती. वाद पुढेही चालले. त्याच शतकात अब्दुल कादिर अल-जझीरी यांनी कहवा हलाल असल्याच्या बाजूने एक आख्खा ग्रंथ लिहिला. मोबाइलवर दोन ओळींत फतवा मागणाऱ्या माझ्या मित्रांनी एवढा धीर जरूर बघावा.

आता आपल्या मराठवाड्याकडे येतो. येमेनचे मोखा बंदर हे कॉफीचे मोठे ठाणे. शहरी कॉफीच्या दुकानांत जी 'मोका' मिळते, तिचे नाव याच बंदराचे. याच मोख्याच्या बाजारात हबशातून पकडून आणलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. पुढे तो बगदादमार्गे दख्खनला पोहोचला आणि निजामशाहीचा वजीर मलिक अंबर झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. हबश, मोखा, दख्खन. माणूस आणि बी एकाच वाटेने आले. माणूस आधी आला.

या दोघांनाही पाहिलेला एक साक्षीदार आहे. डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुके याने १६१६ मध्ये मोख्याला लोक गरम काळे पाणी पितात ते पाहिले आणि लिहून ठेवले. पुढच्याच वर्षी सुरतेकडून मछलीपट्टणमला खुष्कीने जाताना तो मलिक अंबरला भेटला. त्याच सुमारास जहांगीरच्या दरबारी आलेल्या इंग्रज वकिलाचा पाद्री एडवर्ड टेरी याने लिहिले की, इथले धर्मनिष्ठ लोक दारू न पिता कॉफी नावाचे पेय पितात. म्हणजे इंग्रजांनी आपल्याला कॉफी शिकवली नाही. त्यांच्या पाद्र्यानेच ती आपल्याकडे पाहिली.

तेव्हा पेय होते, पण मळे नव्हते. अरब व्यापारी कच्चे बी बाहेर जाऊ देत नसत, उकडून किंवा भाजूनच विकत. परंपरा सांगते की सतराव्या शतकात बाबा बुडन हजहून परतताना मोख्याहून सात बिया लपवून घेऊन आले आणि कर्नाटकात चिकमगळूरच्या डोंगरात त्यांनी त्या पेरल्या. त्या डोंगराला आज बाबा बुडनगिरी म्हणतात. तिथे दत्तात्रेयांचेही स्थान आहे, त्यामुळे मराठी दत्तभक्तालाही तो डोंगर परका नाही. आपल्या राज्यात कॉफी पाहायची तर मेळघाटात चिखलदऱ्याला जावे.

हे सगळे मी वर्गात सांगितले. मुले गप्प ऐकत होती. मग शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, सात बिया लपवून आणल्या, म्हणजे हाजीसाहेबांनी चोरी केली का?"

मी खडू खाली ठेवला. म्हणालो, "तूच सांग. बी जमिनीत पेरणे ही चोरी की व्यापाऱ्याने ते उकडून विकणे ही?" ती म्हणाली, "सर, दोन्ही." वर्ग हसला, मीही हसलो, आणि तेवढ्यात घंटा झाली.