परिपूर्ण ईश्वर सृष्टी निर्माण करील का? बौद्ध आचार्यांची उत्तरे

माणूस घर बांधतो, कारण त्याला निवारा हवा असतो. शेत पेरतो, कारण पोटाला अन्न लागते. मग ज्याला कशाचीच उणीव नाही, त्याने सृष्टी कशासाठी निर्माण करावी? गरज असेल तर तो परिपूर्ण नाही. गरज नसेल तर निर्मितीला कारण नाही. भारतात या प्रश्नावर दीड हजार वर्षांहून अधिक काळ वाद झाला. ईश्वरवाद्यांची त्यातील तीन उत्तरे मुख्य आहेत.

१. आनंद किंवा लीला : ब्रह्मसूत्रांनी (२.१.३२-३३) हा आक्षेप स्वतःच नोंदवून ‘सृष्टी ही केवळ लीला’ असे उत्तर दिले. ईश्वराने आनंदासाठी सृष्टी केली, या मताला आचार्य वसुबंधूंनी ‘अभिधर्मकोशभाष्या’त उत्तर दिले आहे. आनंदासाठी त्याला साधन लागत असेल, तर तो स्वतःच्या आनंदाचाही स्वामी नाही. आणि जीवांच्या यातना पाहून त्याला आनंद होत असेल, तर तो पूजनीय कसा?

२. करुणा : आठव्या शतकातील आचार्य शांतरक्षित ‘तत्त्वसंग्रहा’त विचारतात, सृष्टीपूर्वी दुःखी जीवच नव्हते, तर करुणा कोणावर? वेदप्रामाण्य मानणाऱ्या कुमारिल भट्टांनीही हाच आक्षेप घेतला. करुणेतून निर्मिती झाली असती, तर जग केवळ सुखी असते, असे त्यांचे म्हणणे.

३. कर्म : ईश्वर जीवांच्या कर्मानुसार सृष्टी रचतो, असे नैयायिक म्हणतात. पण मग तो कर्मावर अवलंबून ठरतो, स्वतंत्र राहत नाही.

या तर्काची मर्यादाही ध्यानात घ्यावी. कोणताच देव नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही. ‘परिपूर्ण’ आणि ‘हेतूने निर्मिती करणारा’ ही दोन विशेषणे एकत्र नांदत नाहीत, एवढेच सिद्ध होते.

तथागतांचा भर याहून वेगळ्या मुद्द्यावर आहे. अंगुत्तर निकायातील तिकनिपातात ते सांगतात की, सारे सुखदुःख ईश्वरनिर्मित मानले, तर हिंसा आणि चोरीही त्याच्याच माथी जाते. मग काय करावे, काय टाळावे यासाठी प्रयत्नच उरत नाही. बाबासाहेबांनीही १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात ईश्वरावरील श्रद्धा हा धम्माचा भाग नाही, हे सविस्तर मांडले.

वस्तीत काम करताना प्रत्येक मृत्यूनंतर ‘देवाची मर्जी’ हे शब्द कानी पडतात. शोकात बुडालेल्या आईशी तेव्हा वाद घालू नये, तिच्याजवळ बसावे. पण गटारात उतरलेला कामगार गुदमरून मेला, तर ती मर्जी नव्हे. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. त्याला कोणी उतरवले, हा प्रश्न विचारणे हे आपले काम आहे. ‘मर्जी’ म्हटले की तो प्रश्नच बुजतो.

जय भीम! नमो बुद्धाय!