पायांनी वाचायची फरशी

मेट्रोच्या फलाटावर, रुळांच्या अलीकडे, पिवळ्या फरश्यांची पट्टी असते. तिच्यावरचे गोल उंचवटे जेमतेम पाच मिलिमीटरचे. चपलेतूनही कळावेत एवढेच. पाय घसरू नये म्हणून केलेली ती नक्षी असावी, असा बऱ्याच जणांचा समज असतो. खरं तर ती लिपी आहे, दोनच अक्षरांची: ठिपके म्हणजे ‘थांब, पुढे धोका किंवा वळण आहे’ आणि लांबट रेघा म्हणजे ‘या दिशेने चालत राहा’. जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये ही फरशी घडवली, दृष्टी गमावत चाललेल्या मित्रासाठी. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात, अंधशाळेजवळ, ती पहिल्यांदा रस्त्यावर बसली. १९७० मध्ये ओसाकातल्या अबिकोचो स्थानकाच्या फलाटावर पोचली. पण ठिपके-रेघांचं राष्ट्रीय प्रमाण ठरायला खुद्द जपानातही २००१ उजाडलं, आणि आंतरराष्ट्रीय मानक आलं २०१२ मध्ये. फरशी दोन वर्षांत रस्त्यावर आली. तिचा अर्थ सगळीकडे सारखा व्हायला काही दशकं लागली. तिची सारी किंमत या सारखेपणात आहे.

म्हणूनच आपल्या पदपथांवर ती पट्टी थेट विजेच्या खांबाला भिडते किंवा झाडाच्या आळ्यात शिरते, तेव्हा ‘निदान बसवली तरी’ असं म्हणता येत नाही. चुकीची पट्टी विश्वासाने चालणाऱ्याला फसवते. आजूबाजूच्या फरशीशी मेळ खावा म्हणून ती राखाडी करणं हीसुद्धा चूकच, कारण अंधुक दिसणाऱ्यांना तो पिवळा रंगच वाट दाखवतो. व्हीलचेअरला या उंचवट्यांनी हिसके बसतात, म्हाताऱ्या माणसांचे पाय अडखळतात, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावर उपाय पट्टी अरुंद ठेवून शेजारी सपाट वाट सोडण्याचा. ‘इथून अंध माणसं जातातच किती?’ हा प्रश्न उलटा आहे. ज्या रस्त्याने जाता येत नाही, तिथे ती दिसणार कशी? मोबाइलचा नकाशाही पुरत नाही. तो काही मीटरनी चुकू शकतो, आणि फलाटाच्या कडेला एका पावलाचीही चूक परवडत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक जागा सुगम करण्याचं बंधन घातलं आहे. ते पाळायचं, तर ठेकेदाराचं बिल मंजूर होण्याआधी पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या माणसाने ती पट्टी चालून पाहिली पाहिजे. केबलसाठी पदपथ खणून पुन्हा बुजवला, की पुन्हा एकदा. कारण फरशी परत बसवताना ती नव्वद अंशांत फिरली, तर रेघा सरळ रहदारीकडे नेतात.